बाजारात ओळख द्यायची नाही

लग्नाच्या पंगतीत माझ्या पानावर गरम जिलबी पडली, आणि त्याच वेळी मागून एक अनोळखी माणूस खाली वाकून म्हणाला, "बाई, माया बापाले तीन दिवसापासून हगवन लागली. पयल्या दिवशी पिवयी होती, आता हिरवी होऊन राह्यली. काय द्याव?"

मी जिलबीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "मीठ-साखरेचं पानी पाजा आन दवाखान्यात न्या. उद्या नाई, आताच न्या." तो "बरं" म्हणून निघून गेला. नाव नाही, गाव नाही, नमस्कार तर नाहीच. माझ्या शेजारी नवरदेवाची आत्या जेवत होती. ती तेवढ्यावरच हात धुवायला उठली. मी जिलबी खाल्ली, आणि वाढप्याला थांबवून अजून एक घेतली.

मी तीसेक वर्षं आरोग्यसेविका होते. सरकारी कागदावर आरोग्यसेविका, दवाखान्यात सिस्टर, गावात नर्सबाई आणि रस्त्यावर 'ओ सुईवाल्या बाई!' पहिली निम्मी नोकरी मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यांमध्ये गेली, उरलेली मंगरूळपीर तालुक्यात. माझं उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, पुढे ओसरी, लोखंडी फाटक आणि वाट्याला आलेली पाच-सहा गावं आणि तांडे. गरोदर बायांची नोंद करायची, त्यांचं रक्त तपासायचं, लेकरांना वेळेवर सुया द्यायच्या, क्षयाच्या रोग्याला गोळ्या पोचवायच्या, पाळणा लांबवायचा असेल त्या बाईला साधनं द्यायची, हे काम. गावातल्या प्रत्येक घराचं काही ना काही मला ठाऊक असायचं. कुणाचं पोट पडलं, कुणाच्या थुंकीत काय निघालं, कोणाला मूल नको आहे आणि कोणाला होत नाही, सगळं वहीत आणि डोक्यात.

डॉक्टरला लोक दवाखान्यात गाठतात. नर्स मात्र सगळ्यांची. ती बाजारात मेथी घेत असो, एसटीत उभी असो की स्वतःच्या भावाच्या मयतीला आलेली असो, तिला हटकायला कुणाला संकोच वाटत नाही. शेलूबाजारच्या फाट्यावर एका गृहस्थाने भर गर्दीत सदरा वर करून मला पाठीवरचं गजकर्ण दाखवलं होतं. मीही चष्मा लावून पाहिलं. करणार काय, दाखवलंच होतं तर.

नोकरीच्या सुरुवातीला वय लहान, अंगावर पांढरी साडी, खांद्याला लसीचा निळा डबा. तेव्हा स्टँडवर काय काय ऐकावं लागायचं ते इथे लिहीत नाही. पहिली दोन वर्षं मी खाली मान घालून रडवेली व्हायची. तिसऱ्या वर्षी मानोऱ्याच्या स्टँडवर एक रंगेल माणूस मित्रांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सिस्टर, मलेबी एक सुई द्या ना!" त्या दिवशी कुठून बळ आलं कोण जाणे. मी डबा बाकावर ठेवला, झाकण उघडलं आणि त्याच्या दुप्पट आवाजात म्हटलं, "चाला, देतो ना! कंबरेत घ्या लागते. पँट खाली करा, मी सुई भरतो!" सगळा स्टँड वळून पाहायला लागला. तो पळाला, त्याचे मित्र हसत राहिले, आणि एक म्हातारी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "बरी खोड मोडली वं मायबाई." त्यानंतर मी कधी खाली मान घातली नाही.

रागावून येणारा माणूस वेगळा. त्याच्यासाठी वेगळा उपाय लागतो. एकदा आसेगावच्या रस्त्यावर एकाने माझ्या स्कूटीपुढे मोटारसायकल आडवी घातली. डोळे लाल, तोंडाला फेस यायचा बाकी. "तुमीच ना त्या सुईवाल्या बाई? माई पोरगी मेली असती तुमच्या सुईनं! रातभर तापली. मांडीले गाठ आली. कोनं देल्ला तुमाले परवाना?" रस्त्याने जाणारी दोन बैलगाड्यांची माणसं थांबली. तो त्यांच्याकडे पाहून अजून चढला.

अशा माणसाला मी मधे बोलत नाही. श्वास घ्यायला तो थांबला की विचारते, "पोरीचं नाव काय?"

"आं?"

"पोरीचं नाव काय ठेवलं?"

"...परी."

"केवढी झाली परी?"

"अडीच महिन्याची."

पोरीचं नाव घेतल्यावर बापाला ओरडता येत नाही, हे मी कैक वेळा पाहिलं आहे. मग मी त्याला समजावलं, की या सुईने एक-दोन दिवस ताप येतो, म्हणून तर मी बाटली देऊन गेले होते. गाठ आपोआप जिरते, तिच्यावर गार पाण्याची पट्टी ठेवायची, शेकायचं नाही. "औषदाची बाटली देल्ली होती मी. पाजली का?" पाजली नव्हती. बाटली आजीने कोनाड्यात ठेवली होती, उगाच लेकराला औषध नको म्हणून. शेवटी तो म्हणाला, "चा घेता काय बाई?" घेतला. नाही म्हटलं असतं तर तो मनाने अजून तिथेच अडून राहिला असता.

तर लोक मला कसेही हटकोत, मी त्याचं वाईट वाटून घेणं सोडून दिलं होतं. उलट चूक झाली ती मी दुसऱ्याला हटकलं तेव्हा.

शेलूबाजारहून गावाकडे येणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसले होते. समोरच्या बाकावर एक नवी नवरी, हातात अजून हिरवा चुडा. तिचे क्षयाचे उपचार चालू होते आणि गोळ्या माझ्याकडून जायच्या. पोरगी गोड होती आणि नेमाने यायची. मला तिला पाहून आनंद झाला, आणि त्या आनंदात मी विचारलं, "काय वं, गोया चालू हायेत ना? मागच्या हप्त्यात आली नाईस!"

तिने मला डोळ्यांनीच, नको, असं खुणावलं. तिच्या शेजारी बसलेल्या बाईने, ती तिची नणंद निघाली, विचारलं, "कायच्या गोया वं वयनी?" मी सारवासारव केली, ताकदीच्या म्हटलं, लोहाच्या म्हटलं. पण जीपमध्ये बारा माणसं होती, आणि त्यांतल्या एकाला तरी ठाऊक असणार की ही नर्स कोणाकोणाला गोळ्या देते. आठवड्याच्या आत पोरीला माहेरी पाठवलं. मी तिच्या माहेरच्या नर्सला फोन केला. ती म्हणाली, महिनाभर आली, मग तेही घर दुसरीकडे कामाला गेलं. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. मी शोधायचा प्रयत्न केला, पुरेसा केला असं आजही वाटत नाही. अपराध माझाच होता. तो मी कुणाला सांगितला नव्हता, आज इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

त्या दिवसापासून नियम केला. बाजारात, जीपमध्ये, लग्नात कुठल्याही बाईला आपण होऊन ओळख द्यायची नाही. ती हसली तर हसायचं. ती बोलली तर बोलायचं. तिने तोंड फिरवलं तर आपण भाव विचारायला दुसऱ्या दुकानात जायचं. बायांना हे बरोबर समजलं. दवाखान्यात माझ्या गळ्यात पडून रडलेली बाई बाजारात माझ्या अंगावरून निघून जायची, आणि आम्हा दोघींनाही त्यात काही वाटायचं नाही. नव्या नर्सना मी सुई टोचायला शिकवायच्या आधी हे शिकवायची. त्यांना वाटायचं, बाई जरा जास्तच करतात.

हा नियम मी पुढे एकदाच मोडला. तीच गोष्ट सांगायची आहे.

तिला सुनीता म्हणू या. खरं नाव अर्थातच नाही. बावीस-तेवीस वर्षांची, तांड्यावरची, दोन मुलींची आई. दुसऱ्या बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं की वाशिमला नेईपर्यंत ती हाक मारल्यावर डोळे उघडत नव्हती. वाचली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, की तीन वर्षं हिला दिवस जाता कामा नयेत, पुन्हा असं झालं तर भरवसा नाही. नवऱ्याने मान हलवली. घरी आल्यावर मात्र भावांमध्ये बसला की त्याचं एकच, पुढच्या खेपेला पोरगाच होईल.

सुनीताने कुणाला न विचारता माझ्याकडे येऊन सांगितलं, "बाई, काई तरी करा. मले मराचं नाई." लेकराला दाखवायच्या निमित्ताने तिला मोठ्या दवाखान्यात नेऊन पहिली सुई दिली. ही सुई दर तीन महिन्यांनी घ्यावी लागते, तेवढ्या काळात दिवस जात नाहीत. घरात गोळ्यांचं पाकीट सापडायचं भय नाही, कुणाला काही दिसत नाही. पुढच्या सुया उपकेंद्रात मी देणार होते. तांड्यावरची आशा कार्यकर्ती तिच्या नवऱ्याची चुलत वहिनी, म्हणून तिलाही कळू द्यायचं नव्हतं. लेकराच्या सुईच्या निमित्ताने सुनीता यायची, मी लेकराला ओसरीवर टोचायची आणि तिला आतल्या खोलीत. तिचं कार्डही माझ्याच कपाटात होतं.

दुसरी सुई अशीच झाली. तिसरीची वेळ आली ती दिवाळीनंतर, आणि तोच ऊसतोडीला जायचा हंगाम. टोळी एकदा निघाली की तांड्यातली निम्मी घरं सहा महिने कुलपात. आधीच्या वर्षी सुनीता गरोदर म्हणून घरी राहिली होती, यंदा ती नवऱ्याबरोबर जाणार होती. मी तांड्यावर दोन चकरा मारल्या. पहिल्या वेळी घर बंद, सगळे सोयाबीनच्या कामावर. दुसऱ्या वेळी नवरा एकटा अंगणात बसलेला. "लेकराची नऊ महिन्याची सुई राह्यली," एवढं सांगून परतले. निरोप तिला पोचला की नाही, ठाऊक नाही. ट्रक परवा निघणार एवढं तांड्यावर कळलं होतं.

त्याच दिवशी शेलूबाजारचा बाजार. टोळ्या निघायच्या आधीचा बाजार वेगळाच असतो. ताडपत्री, दोर, कोयते, पाण्याचे ड्रम, लेकरांच्या चपला, सगळं एकाच दिवशी घ्यायचं असतं. मला खात्री होती की सुनीता येणार. मी तिला शोधायलाच गेले. भाजी घ्यायला गेले होते असं घरी सांगितलं, ते खोटं होतं.

ताडपत्रीच्या दुकानासमोर ती दिसली, कडेवर लेकरू. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. वाटलं, नुसतं कानात सांगून पुढे जावं. माझा हात तिच्या खांद्यावर पडला आणि मी म्हटलं, "सुनीता."

दोघी वळल्या. ताडपत्री बोटांनी चाचपत असलेली बाई तिची सासू होती, ते मला पाठीकडून ओळखू आलं नव्हतं.

"हे नर्स इथं कायले आली वं?" सासूने विचारलं. "तुयासंग काय काम हाय हिचं?"

जीपमधली ती पोरगी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आणि मी काही बोलायच्या आत सुनीताने माझा हात झटकून टाकला.

"हात काढ!" ती किंचाळली. "हीच ते नर्स! हिनंच टोचलं माया लेकराले! आठ दिवस तापात होतं माय माहं लेकरू, दूद पीत नव्हतं! आन आता बाजारात आंगाले हात लावते!"

मला खरंच लागलं, कबूल करते. इतकी वर्षं लोकांचं ऐकलं, पण हिने बोलावं? हिच्या उशाशी मी बसले होते. माझ्या तोंडून उलट काही निघणार, तेवढ्यात लक्षात आलं. त्या लेकराला सुईने कधीच ताप आला नव्हता. वहीत मी स्वतः लिहिलेलं होतं. आणि माझा हात झटकताना तिने माझं मनगट आधी घट्ट दाबलं होतं.

मग मीही कंबर खोचली.

"तुया लेकराले ताप आला त मी काय करू? औषद देल्लं होतं, तुले पाजता येत नाई काय?"

"सरकारी औषद! तूच पी!"

"तोंड सांभायून बोल!"

माणसं जमली. ताडपत्रीवाला म्हणाला, "सरकारी लोकाईची मस्तीच लय." एका अनोळखी गृहस्थाने मला, "बाई, लाज वाटते काय तुमाले? गरीब बाईवर काहून ओरडता?" असं दरडावलं. एका पोरगेल्याशा माणसाने मोबाइल वर धरून चित्रण सुरू केलं. मी घामाने भिजले होते. भांडण छान रंगलं होतं, पण त्याचा शेवट कसा करायचा ते आम्हा दोघींनाही सुचत नव्हतं. सुई तर अजून बाकीच होती.

मदत केली सासूने. ती मधे घुसली, माझ्या नाकासमोर बोट नाचवत म्हणाली, "इथं कायले तमाशा? उद्या येतो तुया दवाखान्यात! दोघी येतो! पाह्यतोच कसं टोचते तू!"

माझ्या मनात फुलं उमलली. चेहऱ्यावर मात्र राग ठेवून मी ओरडले, "या ना! भेतो काय तुमाले? पन दहाच्या आंदर या, अकराले मी फिरतीवर जातो!"

घरी येऊन मी पाणी प्यायले आणि एकटीच हसले. संध्याकाळी हसू गेलं. ते चित्रण तालुक्याच्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर फिरलं होतं, वर लिहिलेलं, 'सरकारी नर्सची मुजोरी'. आमच्या डॉक्टरांचा फोन आला.

"सिस्टर, हे काय ऐकतो आहे मी? तुम्ही? इतक्या वर्षांच्या नोकरीत तुमची एक तक्रार नाही."

"चुकलं सर."

"अहो, पण झालं काय? ती बाई कोण? आधी काही बोलली असेल ना?"

डॉक्टर भला माणूस होता. त्याला सांगितलं असतं तर त्याने मला पाठीशी घातलं असतं. पण वर उत्तर देताना त्यालाही कारण लिहावं लागलं असतं, तो कागद चार टेबलांवरून गेला असता, आणि त्या टेबलांवरची माणसं याच गावांतली. मी म्हटलं, "काही नाही सर, उन्हाने डोकं फिरलं. माझाच तोल गेला." त्यांनी लेखी खुलासा मागितला. मी त्याच वेळी बसून लिहिला, 'माझ्याकडून असे वर्तन पुन्हा होणार नाही.' तो कागद माझ्या फायलीत अजून असेल. निवृत्तीच्या वेळी सत्कारात सगळ्यांनी माझ्या गोड स्वभावाचं कौतुक केलं, तेव्हा डॉक्टर खाली पाहत होते.

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच त्या आल्या. नवरा मोटारसायकलवरून दोघींना घेऊन आला होता आणि फाटकाबाहेर गाडीवरच बसून राहिला. सासू सोबत आल्याने माझी पंचाईत झाली होती. लेकराला सुई दिली, ते रडलं, त्याला थोपटलं. मग मी वहीत डोकं घालून म्हटलं, "सुनीता, आत चाल. तुयं रक्त पाह्याचं हाय. याडी, तू बस इथंच." तांड्यावर आईला याडी म्हणतात, मीही म्हाताऱ्या बायांना तसंच म्हणायची.

याडी बसली नाही. ती आमच्या मागोमाग आतल्या खोलीत आली आणि तिने आतून कडी लावली.

टेबलावर सुईची बाटली काढून ठेवलेली होती. सुनीता भिंतीला टेकली. सासूने बाटलीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "इथली त तू देते. मंग तीन महिन्यानं तिकडं ऊसाच्या फडात कोन देईन?"

तीन महिन्यांचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी सुनीताकडे पाहिलं. ती माझ्याकडेच डोळे विस्फारून पाहत होती. तिनेही सांगितलं नव्हतं.

"तुले कोनं सांगतलं याडी?"

"कोन कायले सांगन? बायतपनापासून रोज मी हिच्या आंगाले तेल लावतो. तुले भेटून आली का दोन-तीन दिवस हे एका दंडाले हात लावू देत नाई. बाकी आंग रगडून घेते, दंड तेवढा बाजूले. एकदा झालं, मी म्हटलं असन काई. बराबर तीन महिन्यानं पुन्हा तेच. मी काय आंधयी हाव?"

या सुईची जागा चोळायची नाही, चोळली तर औषध लवकर उतरून जातं. सुनीताला ते मीच दहादा बजावलं होतं, आणि तिने ते तंतोतंत पाळलं होतं. आमच्या दोघींच्या हुशारीला म्हातारीने तेल लावता लावता पकडलं होतं.

"मंग काल बाजारात?" मी विचारलं.

"काल माहा पोरगा मागं मुकादमासंग उभा होता. तू त नुसती येऊन हिच्या आंगावर पडली. काई डोक्सं हाय का नाई तुले? मी 'कायले आली' नसतं इचारलं त त्यानं इचारलं असतं."

इतक्या नर्सना नियम शिकवणारी मी, आणि मला तो एका तांड्यावरच्या बाईने सुनावला. बरोबर होतं तिचं.

सुनीताने तोंडाला पदर लावला होता. "मले काहून नाई सांगतलं तुमी, फुईबाई?" ती सासूला कशीबशी म्हणाली.

सासू तिच्याकडे न पाहता बोलली. "तुया बायतपनात रगत मी पुसलं वं. चार लुगडी भिजली. त्यानं नाई पाह्यलं, मी पाह्यलं. माहा पोरगा वाईट नाई, पन भावाईत बसला का त्याले पोरगाच पाह्यजे. त्याच्यासंग मी कवाकवा भांडू? या नर्ससंग भांडलेलं बरं, हे काई आपल्या घरात राहत नाई." मग मला म्हणाली, "दे लवकर. गाडी चालू करून बसला आसन तो."

मी सुई दिली. तिकडच्या सरकारी दवाखान्यात दाखवायला एक चिठ्ठी लिहिली, कोणती सुई, कधी दिली, पुढची कधी. ती सुनीताच्या हातात देऊ लागले तर सासूने मधेच घेतली, चौघडी केली आणि कमरेच्या चंचीत सुपारीखाली सरकवली. "माया चंचीत कोनी हात घालत नाई," ती म्हणाली. कडी काढली, पदर सारखा केला, आणि ओसरीवर पाय ठेवताच तिचा आवाज एकदम आभाळाला भिडला.

"असी नर्स जल्मात नाई पाह्यली! माया नातीले रडवलं! पुन्हा हात लावू देनार नाई हिले!"

फाटकाबाहेर तिच्या मुलाने मान वर केली. रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबले. एकाचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेलेला मला स्पष्ट दिसला. खुलाशावरची माझी सही अजून वाळली नव्हती. मी ओसरीच्या पायरीवर आले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "जा, जा! वैशाखात वापस आली का ये पुन्हा भांडाले! मी इथंच हाव!"

"येतोच! सोडनार नाई तुले!"

गाडी धुरळा उडवत गेली. माघात तिकडे सुई मिळाली की नाही, ते मला कळायला मार्ग नव्हता. तांड्यावरून फोन यायचे, पण हे विचारणार कुणाला? हिवाळा गेला, होळी गेली. वहीत सुनीताच्या नावासमोरचा रकाना रोज दिसायचा आणि मी पान उलटायची. बाळंतपणाच्या खोलीत कुणाला जास्त रक्त जाऊ लागलं की मला तिचीच आठवण यायची.

वैशाखात ट्रक परत आल्याचं कळलं. मी तांड्यावर गेले नाही, बाजारातही गेले नाही. दोन दिवस नुसती वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरी झाडत होते, तर फाटक धाडकन उघडलं. सुनीता उन्हाने काळी पडली होती, पोरगी तिचं बोट धरून चालत होती, पोट सपाट होतं. तिच्यापुढे सासू, एक हात चंचीवर, आणि बाहेर मोटारसायकलवर तिचा मुलगा.

"कुठं हाय वं ते नर्स?" सासू सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी गरजली.

मी झाडू तिथेच टाकला आणि बाटली काढायला आत गेले.